शांतता, पण कुणाच्या खर्चाने?

३१ डिसेंबर १८६२ च्या संध्याकाळी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये गिरणी कामगारांची सभा भरली. विषय होता समुद्रापलीकडे चाललेलं अमेरिकेतलं यादवी युद्ध. या माणसांना त्या युद्धाशी काय देणंघेणं, असं विचारायची सोय नव्हती. युद्ध त्यांच्या घरात शिरलं होतं. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. एप्रिल १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनने, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि पुढच्या दीड वर्षात गिरण्यांची धुरांडी एकेक करून थंड पडली. जिथे काम सुरू होतं तिथे सुरतेचा कापूस यायचा. आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला. धागा सारखा तुटायचा, तो सांधण्यातच दिवस जायचा, आणि मजुरी मात्र जितका माल निघेल तितकीच. लँकेशायरमध्ये कुठल्याही भिकार मालाला ‘सुरत’ म्हणायची तेव्हा पद्धतच पडली. लाखो लोक मदत समित्यांच्या अन्नावर दिवस काढत होते.

अशा माणसांनी ‘आधी युद्ध थांबवा’ म्हणून टाहो फोडला असता तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. आणि युद्ध थांबवायची बोलणी हवेत होतीही. त्याच शरदात ब्रिटनच्या मंत्रिमंडळात मध्यस्थीचा विचार चालला होता. अर्थमंत्री ग्लॅडस्टन तर ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलच्या भाषणात बोलून गेले होते की दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी एक राष्ट्र उभं केलं आहे. मध्यस्थी झाली असती तर दोन अमेरिका झाल्या असत्या, बंदरं उघडली असती, कापूस आला असता. सुमारे ४० लाख गुलाम मात्र होते तिथेच राहिले असते. फ्री ट्रेड हॉलमधल्या सभेने लिंकनला पत्र पाठवलं ते गुलामगिरी संपवण्याच्या बाजूने. दुसऱ्याच दिवशी लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू व्हायचा होता. १९ जानेवारी १८६३ ला लिंकनने त्या कामगारांना उत्तर लिहिलं, आणि फेब्रुवारीत अमेरिकेतून पिठाची पिंपं भरलेलं जहाज लिव्हरपूलला लागलं.

ही गोष्ट फार गुळगुळीत करून सांगितली जाते, म्हणून तिचे खडबडीत कोपरेही सांगून टाकतो. लँकेशायर एकमुखाने बोलत नव्हतं. काही गावांत दक्षिणेला मान्यता द्या, नाकेबंदी मोडा, अशाही सभा झाल्या. मार्च १८६३ मध्ये स्टेलीब्रिजमध्ये मदतीच्या वाटपावरून दंगल उसळली. उपाशी माणूस सदासर्वकाळ थोर नसतो, आणि त्याने तसं असावं अशी अपेक्षा पोटभर जेवलेल्याने तर करूच नये. पण एवढं खरं की ज्यांच्या चुली युद्ध थांबल्यावर पेटणार होत्या, त्यांच्यातल्याच पुष्कळांनी सांगितलं, अशी शांतता आम्हाला नको.

मला ही सभा महत्त्वाची वाटते ती एका प्रश्नासाठी. युद्धाच्या काळात ‘शांतता हवी’ असं म्हणताना त्या शांततेचा खर्च कोण उचलणार, हे आपण विचारतो का? मँचेस्टरच्या कामगारांनी विचारलं, आणि बिलातला आपला वाटा भरला. आज आपण बहुतेक जण दोन्ही करत नाही.

मराठीत या शब्दाची एक गंमत आहे. शांतता म्हणजे तंटा मिटणं, आणि शांतता म्हणजे आवाज बंद होणंही. ‘शांतता राखा’ अशी पाटी लावणाऱ्याला तुमचा तंटा मिटलाय का याच्याशी कर्तव्य नसतं, तुम्ही बोलू नका एवढंच त्याचं म्हणणं असतं. युद्धात अडकलेल्या दुबळ्या बाजूला बाहेरून जी शांतता देऊ केली जाते ती बहुधा या पाटीवरची असते. तोफा थांबणं, तह होणं आणि अन्याय दूर होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला शस्त्रसंधी म्हणतात, दुसरीला करार. तिसरीला नेमका शब्द नाही, म्हणून ‘न्याय्य शांतता’ असं जोडनाव वापरावं लागतं.

२९ सप्टेंबर १९३८ ला म्युनिकमध्ये चार देशांचे प्रमुख चेकोस्लोव्हाकियाचा नकाशा कापत बसले होते. चेकोस्लोव्हाकियाचे दोन प्रतिनिधी, मास्तनी आणि मासारिक, त्याच शहरात होते. त्यांना आत घेतलं नाही. हॉटेलात बसवून ठेवलं आणि जर्मनीला कुठला भाग द्यायचा आहे तो नकाशा रात्री त्यांच्या हातात दिला. ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन लंडनला परतले तेव्हा लोकांनी जल्लोष केला, आणि तो जल्लोष ढोंगी नव्हता. वीस वर्षांपूर्वीच्या महायुद्धात ज्यांची मुलं गेली होती त्यांना खरोखरच हायसं वाटलं. बिल त्यांच्या नावावर नव्हतं, एवढंच. साडेपाच महिन्यांनी, १५ मार्च १९३९ ला, हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं.

म्युनिकचं नाव घेताना जरा जपून बोलावं लागतं, कारण त्या नावाने पुढे पुष्कळ मूर्ख युद्धंही खपवली गेली. १९५६ मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्यात १९३० च्या दशकातला हुकूमशहाच दिसू लागला, आणि त्यांनी फौज पाठवली. प्रत्येक वाटाघाट म्हणजे शरणागती नसते. म्युनिकमध्ये खटकतं ते बोलणी करणं नाही. ज्याचं घर, तोच दाराबाहेर, हे खटकतं. १८ फेब्रुवारी २०२५ ला रियाधमध्ये अमेरिकेचे आणि रशियाचे अधिकारी युक्रेनच्या युद्धावर बोलायला बसले, युक्रेनला न बोलावता, तेव्हा अनेकांना ते हॉटेल आठवलं ते याच कारणाने.

मग जो अन्यायग्रस्त आहे त्याचा न्याय पूर्ण होईपर्यंत युद्ध चालूच राहू द्यायचं? इथे माझी पंचाईत होते, आणि ती होण्याचं कारण बोस्निया आहे.

युगोस्लाव्हिया फुटताना पेटलेलं बोस्नियाचं युद्ध १९९२ ते १९९५ चाललं आणि त्यात सुमारे एक लाख माणसं मेली. सप्टेंबर १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. वरवर पाहता किती निःपक्षपाती निर्णय! पण जुन्या युगोस्लाव्ह सैन्याचा दारूगोळा आधीच सर्ब बाजूच्या हाती होता. एकाकडे तोफखाना आणि दुसऱ्याकडे शिकारीच्या बंदुका असताना दोघांनाही नवी शस्त्रं घ्यायची बंदी, याला तटस्थता म्हणणं म्हणजे पहिलवान आणि पोर यांची कुस्ती लावून मध्ये न पडण्याचा मोठेपणा मिरवणं. १९९३ मध्ये पूर्व बोस्नियातलं स्रेब्रेनिका हे गाव ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर झालं. जुलै १९९५ मध्ये ते सुरक्षित क्षेत्र संयुक्त राष्ट्रांच्या डच सैनिकांच्या डोळ्यांदेखत पडलं, आणि पुढच्या काही दिवसांत ८,००० हून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले.

चार महिन्यांनी अमेरिकेत डेटनच्या हवाई तळावर करार झाला. देशाचा ४९ टक्के भूभाग सर्ब प्रजासत्ताक या देशातल्याच स्वायत्त भागाला, ५१ टक्के बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुसलमान) आणि क्रोएट यांच्या संघाला. ज्यांनी माणसं हाकलून प्रदेश ‘स्वच्छ’ केले त्यांच्या कामावर जवळजवळ शिक्काच बसला. स्रेब्रेनिका आजही सर्ब प्रजासत्ताकात आहे. त्या कराराच्या चौथ्या परिशिष्टाला देशाची राज्यघटना म्हणतात. राष्ट्राध्यक्षपद तिघांचं, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. डर्वो सेजडिच हे रोमा आणि याकोब फिंची हे ज्यू, म्हणून दोघांनाही त्या पदासाठी उभं राहता येत नव्हतं. त्यांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २००९ मध्ये ते जिंकले. त्यानंतर दीड दशक उलटलं तरी घटनेतला तो भाग बदललेला नाही.

एवढं सगळं मान्य करूनही डेटन होऊ नये असं म्हणायची माझी छाती होत नाही. त्या करारानंतर सारायेव्होत पाणी आणायला गेलेल्या माणसावर टेकडीवरून गोळी झाडली जाणं थांबलं. जवळपास चार वर्षं चाललेला वेढा उठला. न्यायाच्या गोष्टी बोलायलासुद्धा माणूस जिवंत असावा लागतो. आग लागली की आधी ती विझवायची, यात वाद नाही. फक्त विझवता विझवता घर आग लावणाऱ्याच्या नावावर करून द्यायचं नसतं. डेटनमध्ये आग विझली आणि अर्धं घर नावावर झालं, दोन्ही एकाच सहीने. त्या सहीची वेळ येण्याआधीची तीन वर्षं बाहेरच्या जगाने कशी घालवली, हा खरा ठपका आहे. तोफा थांबवण्याची मागणी लवकर करायला हवी, जोरात करायला हवी, आणि तिला कायमच्या तडजोडीची शेपटी जोडू नये, इथवर मी आलो आहे. याच्या पुढचं मला नेमकं सांगता येत नाही.

हा पेच मला एकट्यालाच पडलेला नाही. २८ एप्रिल १९१५ ला, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, हेगमध्ये बायकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बारा देशांतून हजाराहून जास्त प्रतिनिधी. डच डॉक्टर अलेटा याकोब्स यांनी घाट घातला होता, अध्यक्ष होत्या शिकागोच्या जेन ॲडम्स. सुमारे १८० ब्रिटिश बायकांना यायचं होतं. सरकारने पंचवीसएक जणींनाच परवानगी दिली, आणि मग उत्तर समुद्रातली वाहतूकच बंद केली. आधीच देशाबाहेर असलेल्या तिघी तेवढ्या पोचल्या. जर्मनीच्या बायका आल्या आणि जर्मनीने व्यापलेल्या बेल्जियमच्याही आल्या. त्या एका सभागृहात बसल्या, हीच त्या वर्षातली अचाट गोष्ट होती. थिओडोर रूझवेल्ट यांनी या प्रकाराला मूर्खपणा म्हटलं. त्या ‘मूर्ख’ बायकांनी ठराव केला की तिथल्या माणसांच्या संमतीशिवाय कुठलाही प्रदेश एका देशाकडून दुसऱ्याकडे जाऊ नये, आणि परराष्ट्र धोरणावर लोकांचा ताबा असावा. जेन ॲडम्स यांना नोबेल मिळालं ते पुढे १९३१ मध्ये.

पण मला त्या परिषदेत सगळ्यात जास्त विचार करायला लावतात त्या न आलेल्या फ्रेंच बायका. फ्रान्सच्या प्रमुख स्त्री-संघटनांनी निमंत्रण नाकारलं आणि जाहीरपणे नाकारलं. शत्रूचं सैन्य आमच्या जमिनीवर उभं असताना आम्ही शांततेच्या गोष्टी कुठल्या तोंडाने करायच्या, असा त्यांच्या नकाराचा सूर होता. त्यांना युद्धखोर म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांचं गाव जळत होतं. हेगला आलेल्या बायकांना भाबड्या म्हणूनही भागत नाही, कारण युद्धाआधीची रेषा काय आणि नंतरची काय, ती माणसांना विचारून आखा, हे त्यांचं म्हणणं त्या काळच्या कुठल्याही परराष्ट्रमंत्र्याच्या म्हणण्यापेक्षा शहाणपणाचं होतं. दोघींना एकाच वेळी खरं मानणं अवघड जातं. मला वाटतं युद्धकाळातल्या एकजुटीचं कामच ते आहे. जिच्या अंगणात रणगाडा उभा आहे तिला ‘आता तरी भांडण सोड’ असं लांबून सांगायचं नाही. आणि तिच्या वतीने ‘शेवटच्या माणसापर्यंत लढा’ असंही म्हणायचं नाही. दुसरी आरोळीही तितकीच फुकटची आहे. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनने सक्तीच्या भरतीचं किमान वय २७ वरून २५ केलं. तो आकडा आपल्या घरातल्या मुलाचं वय असता तर आपला आवेश किती टिकला असता, हे ज्याने त्याने एकांतात तपासावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मीही फोनवरचं चित्र बदलून निळंपिवळं केलं होतं. त्याला काही खर्च पडला नाही. केव्हा परत बदललं तेही आठवत नाही.

एकजूट म्हणजे बाजू निवडणं, असा आपला समज झाला आहे, आणि बाजू एकदा निवडली की मोजपट्टी हरवते. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला १४१ मतं पडली. १२ डिसेंबर २०२३ ला गाझात तातडीने युद्धविराम व्हावा या ठरावाला १५३ पडली. म्हणजे जगातले बहुतेक देश दोन्ही वेळा साधारण एकच गोष्ट म्हणत होते. पण पहिल्या ठरावावर कायद्याचं राज्य, सार्वभौमत्व वगैरे शब्द सढळ वापरणारी अमेरिका दुसऱ्याच्या विरोधात गेली, आणि ब्रिटन व जर्मनी तटस्थ राहिले. उलट बाजूलाही काही फार चांगलं चित्र नाही. पॅलेस्टाइनच्या ताब्यात घेतलेल्या जमिनीवर पोटतिडकीने बोलणारी कितीतरी मंडळी पूर्व युक्रेनमधल्या दोनबासच्या जमिनीचा विषय निघाला की नाटोचा इतिहास सांगायला लागतात. मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट निघालं तेव्हा टाळ्या वाजवणारे काही जण नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्यावर निघालं तेव्हा त्याच न्यायालयाच्या अधिकाराविषयी शंका काढू लागले. मोजपट्टी एकच असेल तर ती सगळीकडे टोचते. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, त्याला मुक्तीचा लढा म्हणता येत नाही. त्यानंतर गाझात हजारोंच्या संख्येने मुलं मारली गेली आणि अन्न अडवलं गेलं, त्याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही. ही दोन वाक्यं लागोपाठ म्हटली की दोन्हीकडचे लोक नाराज होतात, असा माझा अनुभव आहे.

मग लांबच्या माणसाने करायचं तरी काय? बहुतेक वेळा उत्तर आपल्या हाताखालून जाणाऱ्या मालातच असतं. मार्च १९७४ मध्ये स्कॉटलंडच्या ईस्ट किलब्राइडमधल्या रोल्स-रॉइस कारखान्यात बॉब फुल्टन नावाचे तपासनीस एका इंजिनापाशी आले. कागदावर चिलीचं नाव होतं. सहा महिन्यांपूर्वीच, ११ सप्टेंबर १९७३ ला, चिलीच्या हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी सांतियागोत स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले होते. हे इंजिन त्याच जातीच्या विमानाचं, दुरुस्तीला आलेलं. फुल्टन म्हणाले, मी हात लावणार नाही. संघटना त्यांच्या मागे उभी राहिली. इंजिनं खोक्यांत घालून कारखान्याच्या मागच्या बाजूला ठेवली गेली आणि स्कॉटलंडच्या पावसात चार वर्षं गंजत राहिली. १९७८ मध्ये एका रात्री कुणीतरी ती ट्रकवर घालून नेली. आपण काही साधलं की नाही, हे त्या माणसांना कितीतरी वर्षं कळलं नाही. ते युद्ध नव्हतं, लष्करी उठाव होता, हे खरं. पण हीच चाल युद्धातही चालते. मे १९२० मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी ‘जॉली जॉर्ज’ जहाजावर, रशियाशी लढणाऱ्या पोलंडला निघालेली शस्त्रं चढवायचं नाकारलं. मे २०१९ मध्ये जेनोआच्या बंदरात ‘बहरी यानबू’ या सौदी जहाजावर जनित्रं चढवायची होती, ती येमेनच्या युद्धात लष्कराला वापरायची आहेत असं म्हणून तिथल्या कामगारांनी काम थांबवलं. यात कुठे कुणाच्या झेंड्याचा प्रश्न येत नाही, कुणाच्या वतीने शांततेच्या अटी ठरवायचा आगाऊपणाही नाही. मारण्याच्या कामात माझा हात लागणार नाही, एवढंच. आणि त्या नकारापायी स्वतःची नोकरी पणाला लागते. मँचेस्टरच्या सभेशी यांचं नातं आहे ते इथे.

सुदानच्या युद्धात उचलून धरावा असा झेंडाच नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी फोनवरचं चित्र बदलत नाही. १५ एप्रिल २०२३ ला तिथलं लष्कर आणि ‘आरएसएफ’ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं आणि एक कोटीहून जास्त माणसं घराबाहेर पडली. जगात दुसरीकडे कुठेही एवढे विस्थापित नाहीत. दोन्ही सेनापतींनी मिळून २०२१ मध्ये नागरी सरकार उलथवलं होतं, मग आपसात फाटलं. बाजू घ्यावी असं त्यांच्यात कुणी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये म्हटलं की संयुक्त अरब अमिरातीतून आरएसएफला शस्त्रं जातात या आरोपांत तथ्य दिसतं. अमिराती ते नाकारते आणि जगाचे तिच्याशी व्यवहार सुखेनैव चालू आहेत.

तिथे घेण्याजोगी बाजू आहे ती स्वयंपाकघरांची. २०१९ मध्ये हुकूमशहा बशीरला घालवणाऱ्या मोहल्ल्या-मोहल्ल्यांतल्या तरुण समित्यांनीच युद्ध सुरू झाल्यावर ‘आपत्कालीन खोल्या’ उघडल्या. नाव खोली, पण काम मोहल्लाभर. जखमींना हलवायचं, पाण्याचा पंप चालता ठेवायचा, आणि एका मोठ्या पातेल्यात मसूर किंवा घुगऱ्या शिजवून दारोदारच्या माणसांना वाढायच्या. पैसा बहुतांशी परदेशातल्या नातेवाइकांकडून फोनवरच्या बँकेच्या ॲपने यायचा. मोबाइलचं जाळं कोसळलं की चूल बंद. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत तोडली तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरं काही दिवसांत विझली. वेढ्यातल्या अल-फाशर शहरात तर शेवटी माणसं गुरांची पेंड खाऊन राहिली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते शहर आरएसएफच्या हाती पडल्यावर तिथे कत्तल झाली.

युद्ध सुरू झाल्यावर महिनाभरातच, मे २०२३ मध्ये, जेद्दाहमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या होत्या. टेबलाभोवती खुर्च्या दोन्ही सैन्यांच्या प्रतिनिधींसाठी होत्या. पातेल्यापाशी उभ्या असलेल्या पोरांना तिथे कुणी बोलावलं नाही. त्यांना अटक करायला मात्र दोन्ही बाजूंचे सैनिक येतात. लष्कराच्या भागात त्यांच्यावर आरएसएफला मदत केल्याचा आरोप असतो, आरएसएफच्या भागात लष्कराला.